चार मीटरच्या आत

आमच्या गाडीत पहिल्यांदा बसणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो, "दोर तुटला तर?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. दोर एकशे चौदा तारांचा आहे. दर सोमवारी मी सुती फडकं हातात घेऊन तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासतो. तार तुटलेली असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. किती अंतरात किती तारा तुटलेल्या चालतात, याचा आकडा ठरलेला आहे आणि आमचा दोर त्या आकड्याच्या जवळपासही कधी गेलेला नाही. त्यातूनही तुटलाच, तर दोर सैल पडल्याबरोबर डब्याखालचे पोलादी जबडे रुळाला चावतात. एवढं ऐकलं की पाहुण्याचं समाधान होतं आणि तो फोटो काढायला लागतो.

ब्रेकबद्दल मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. मला झोप लागू देत नाही तो ब्रेक.

कोल्हापुराहून पश्चिमेला सव्वा तासावर आमचा डोंगर आहे. माथ्यावर पूर्वी बॉक्साइटची खाण होती. तो दगड खाली आणायला त्या काळच्या लोकांनी उतारावर रूळ टाकले. लांबी चारशे बारा मीटर, चढ एकशे साठ मीटर. माथ्यावर एक मोठं चाक, माझ्या उंचीच्या दीडपट. चाकावरून एक दोर आणि दोराच्या दोन टोकांना दोन वाघिणी. भरलेली खाली येते, तिच्या वजनाने रिकामी वर जाते. विहिरीच्या रहाटाला दोन्हीकडे घागरी बांधाव्यात, तसं. मोटर होती, पण मदतीपुरती. चालवायचं काम डोंगराचं आणि थांबवायचं काम ब्रेकचं.

खाण बंद पडली आणि रूळ गवतात गेले. बऱ्याच वर्षांनी कोणाला तरी वाटलं की हे जुनं यंत्र लोकांना दाखवावं. वाघिणींच्या जागी मोठ्या खिडक्यांचे रंगीत डबे आले, प्रत्येकात चोवीस जागा. माथ्यावर तिकीटघर, भज्यांचं कॅन्टीन आणि फोटोसाठी फुलांची चौकट आली. चाक ओळखणारी खाणीतली माणसं शोधून परत बोलावली. त्यात देखभालीचा सुपरवायझर म्हणून मी आलो आणि चाकावरचे ऑपरेटर म्हणून दस्तगीरमामा आले. मामा माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मी नोकरीला लागलो तेव्हा ब्रेकचा दांडा त्यांच्याच हातात होता.

यंत्र तेच राहिलं, पण एक फरक कोणी नीट मांडला नव्हता. दगड एका चालीने दिवसभर खाली जातो. माणसं सकाळभर वर चढतात आणि संध्याकाळी सगळीच्या सगळी एकदम उतरायला निघतात. पाच ते सात या वेळात खाली जाणारा डबा गच्च भरलेला आणि वर येणारा पूर्ण रिकामा असतो. ते दोन तास मी चहा घेत नाही. हात मोकळे लागतात.

या अंकाच्या संपादकांनी मला गमती लिहायला सांगितल्या होत्या. गमती होतात. एकदा शहरातल्या एका तालमीचे सोळा पैलवान आले. चोवीस माणसांचं वजन मी सरासरी पासष्ट किलोने धरलेलं. मी बाराच बसवले आणि दार लावलं. त्यांचे वस्ताद तापले. "जागा रिकाम्या हायत की! माणसं वजनावर मोजतासा व्हय?" मी म्हटलं, "वस्ताद, इथे सगळं वजनावरच मोजतात." त्यावर ते म्हणाले, "मग तिकीट बी किलोवर लावा, मी पोरांस्नी उपाशी आणतो." कोडोलीचे एक निवृत्त मास्तर दर महिन्याला पायऱ्या चढून येतात, चाकाच्या खोलीसमोर तासभर बसतात आणि पायऱ्यांनीच परत जातात. मी विचारलं, "मास्तर, कधी गाडीत बसत नाही?" ते म्हणाले, "मला यंत्र बघायचं हाय. आत बसलं की ते दिसत न्हाय."

पण मला लिहायचं आहे ते तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याबद्दल. त्यासाठी आधी दोन गोष्टी समजावून सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट घसरण्याची. ब्रेक टाकल्यावर डबा जागच्या जागी थांबत नाही, थोडा घसरून थांबतो. किती घसरला, यावरून ब्रेकची तब्येत कळते. खालच्या फलाटाच्या कडेला मी अर्ध्या अर्ध्या मीटरवर पांढरे पट्टे मारून घेतले आहेत. मामा प्रत्येक फेरीला ठरलेल्या खुणेवर ब्रेक टाकतात. डबा थांबला की खालचा आमचा माणूस, तानाजी, दार कुठल्या पट्ट्यावर आलं ते पाहून, मधलं अंतर टेपने मोजून दशांशासकट फोनवर सांगतो. रिकामा डबा दोन मीटर घसरतो, भरलेला अडीच. चार मीटरवर लाल पट्टा आहे. चार ओलांडले की गाडी बंद करायची. लाल पट्ट्याच्या पुढे दोन मीटरवर लाकडी बफर आणि त्याला लागून दगडी भिंत. चार हा आकडा मी काढला आहे आणि त्याखाली सही माझी आहे.

दुसरी गोष्ट तेलाच्या मानाची. खंडेनवमीला आमच्याकडे चाकाची पूजा होते. चाकाच्या आसाला तेल पुरवणारी एक पितळी वाटी आहे. त्या दिवशी ती पुसून स्वच्छ करायची आणि चाकावर काम करणाऱ्या प्रत्येकाने तिच्यात एकेक पळी गोडेतेल घालायचं. सर्वांत जुना माणूस पहिला. दसऱ्याचा दिवस सरला की ते तेल काढून यंत्राचं तेल घालायचं. खाणीत आम्ही अकरा जण होतो आणि वाटीत बारा पळ्या मावत. ज्याने ही रीत पाडली त्याने वाटी बघूनच पाडली असावी.

त्या वर्षी नवे मॅनेजर आले होते. वयाने लहान, मनाने चांगले. ते म्हणाले, "मान फक्त चाकावाल्यांनाच का? तिकीटघर, कॅन्टीन, बागवाले, पार्किंगवाले, सगळे आपलेच ना?" कोणाला नाही म्हणावंसं वाटलं नाही. रांग लागली. मामांनी पहिली पळी घातली. माझा नंबर चौथा होता. मी पळी घातली, नमस्कार केला आणि बाजूला झालो. दिवसभर तारा आणि मीटर मोजणाऱ्या माणसाने मागे वळून रांग मोजली नाही. चौतीस हा आकडा मला नंतर फोटोवरून कळला.

भरलेल्या वाटीतून तेल ओघळलं. वाटीच्या बरोबर खाली ब्रेकची धाव आहे, म्हणजे ब्रेक जिला आवळून धरतो ती चाकाची पोलादी कड. तिच्यावर पत्र्याचं झाकण होतं आणि झाकणावर झेंडूच्या माळा. त्यामुळे कोणाला काही दिसलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी रिकाम्या डब्याची चाचणी घेतली. तानाजीने दोन पॉइंट दोन सांगितलं. मी लिहून घेतलं.

मामा दांडा धरून उभेच राहिले. "साहेब, आज दांडा गुळगुळीत लागतोय. रोज कसा खर्रकन धरतोय, तसा न्हाय."

"दव पडलंय मामा. दोन पॉइंट दोन आहे."

"आकडा बरा हाय. हाताला बरं लागंना."

"हाताला काय लागतं ते लिहायचं कुठे?" असं मी म्हणालो आणि हसलो. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

दुपारपर्यंत रिकामा डबा दोन पॉइंट चारवर गेला. गर्दी तुफान होती. माझी बायको मंगल बाराच्या फेरीने वर आली. दसऱ्याला मला घरी जाता येत नाही, म्हणून ती जेवणाचा डबा घेऊन येते आणि उन्हं कलली की उतरते. आम्ही चाकाच्या खोलीतच जेवलो. खोलीत भज्यांचा वास भरला होता. मामा म्हणाले, "आज कॅन्टीनवाल्यानं कढई आपल्या खोलीतच मांडलीया जणू." मंगल म्हणाली, "वास चांगल्या तेलाचा हाय." आम्ही तिघेही यावर हसलो. कॅन्टीन आमच्यापासून साठ पावलांवर आहे आणि वारा त्या दिवशी उलटा होता, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

त्या दिवशी चारलाच उतरणारी गर्दी सुरू झाली. पहिला भरलेला डबा: तीन मीटर. रोजच्यापेक्षा अर्धा मीटर जास्त. मी स्वतःला म्हटलं, दसऱ्याची माणसं जेवून आलेली आहेत, वजन जास्त असेल. दुसरा: तीन पॉइंट दोन. तिसरा: तीन पॉइंट तीन. मी झाकणाला हात लावून पाहिला. गरम होतं, पण गर्दीच्या दिवशी ते गरम होतंच. झाकण उघडायचं तर चाक थांबवून माळा काढून आठ बोल्ट सोडायचे, म्हणजे किमान पाऊण तास. वर दीडशे माणसं रांगेत होती.

चौथा डबा: तीन पॉइंट सहा.

मी मॅनेजरना बोलावलं. ते म्हणाले, "लिमिट चार ना?"

"चार."

"तुम्हीच ठरवलेली ना?"

"मीच."

"मग आत आहोत की आपण."

त्यांचं काही चुकत नव्हतं. मी मनात गणित मांडलं. फेरीला एक ते तीन दशांश वाढ. म्हणजे अजून एक फेरी नक्की बसते, कदाचित दोन. मग पंधरा मिनिटं चाक थंड करू. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांचं सकाळी बोलून झालं होतं.

पाचवा डबा भरत होता. तेवढ्यात मंगल पिशवी घेऊन रांगेतून पुढे आली. मी तिला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणालो, "आज पायऱ्यांनी उतर."

"का वं? हजारभर पायऱ्या हायत."

"सांगतो ते ऐक. आज उतर."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात तिला माझ्या चेहऱ्यावरचे आकडे वाचता येतात. "गाडीत काय बिघाड हाय?"

"बिघाड नाही. लिमिटच्या आत आहे."

"आत हाय तर मग मी का चालायचं?"

मी डब्याकडे वळलो. डब्यात तेवीस माणसं बसली होती. खिडकीशी मुरगूडची एक म्हातारी होती, तिच्या मांडीवर नात. मागच्या बाकावर कॉलेजची पोरं दंगा करत होती. मंगलने ते सगळं एकदा पाहिलं. मग ती शांतपणे आत गेली आणि चोविसाव्या जागेवर बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. सोडा आता, अशा नजरेने.

तानाजीचा फोन आला, "खालचा डबा रिकामा केला, सोडा." मामांचा हात दांड्यावर होता. मी किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. मोजलं नाही.

"मामा, थांबा," मी म्हणालो. "दार उघडा. सगळ्यांना उतरवा."

यानंतर जे झालं ते गर्दीशी काम करणाऱ्या कोणालाही सांगायला नको. "दसऱ्याला बायकापोरांस्नी चालवतासा व्हय?" "कारण काय ते सांगा की!" "ह्यो कसला साहेब, ह्याला सायकल तरी येती का?" मुरगूडची म्हातारी सर्वांत कडक. "बाळ, माझं गुडघं तुझ्याकडं ठिवून जाऊ का? पुढच्या दसऱ्याला घिऊन जाईन." मॅनेजर मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "कारण काय सांगू मी लोकांना? आकडा तर आत आहे." मी म्हटलं, "आकडा मला पुन्हा बघायचा आहे."

दर महिन्याच्या चाचणीसाठी आम्ही चाळीस किलोची वाळूची पोती भरून ठेवतो. चोवीस माणसं म्हणजे एकोणचाळीस पोती. बागवाले, पार्किंगवाले, कॅन्टीनवाले सगळ्यांनी मिळून ती डब्यात रचली. अर्धा तास गेला. मंगल बाहेरच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. मी तानाजीला फोनवर फलाट मोकळा करायला सांगितलं. मामांनी दांडा सैल केला आणि डबा निघाला. ठरलेल्या खुणेवर त्यांनी ब्रेक टाकला.

चाक थांबलं नाही. कर्कश आवाजही आला नाही, नुसता मऊ, ओला सळसळाट. मामांनी अंगाचं सगळं वजन दांड्यावर टाकलं. चाक संथपणे फिरतच राहिलं. मग दोराला एक हिसका बसला आणि माथ्यावरची जमीन हलल्यासारखी वाटली.

मी फोनमध्ये विचारलं, "किती?"

"किती काय इचारतासा, साहेब!" तानाजी ओरडला. "बफर मोडला! डबा भिताडाला जाऊन बसलाय! पोती फुटून समदीकडं वाळू झालीया!"

मामा तिथेच खाली बसले. मॅनेजरांनी बाहेर जाऊन तिकीटघर बंद करायला सांगितलं.

आम्ही माळा काढल्या, आठही बोल्ट सोडले. झाकण उचललं तेव्हा भज्यांच्या कढईचा वास भपकन अंगावर आला. धावेला आवळणारी ब्रेकची अस्तरं तेलाने काळी पडली होती. थंड असेपर्यंत त्यांनी तेल पोटात धरलं होतं. दिवसभराच्या उष्णतेने ते पातळ झालं आणि चाक उभं होतं त्या अर्ध्या तासात सगळं अस्तरांच्या वर आलं. माझ्या गणिताप्रमाणे पाचवी फेरी तीन पॉइंट आठवर थांबायला हवी होती. आधी वाळू चढवायला अर्धा तास लागला नसता, तर कदाचित थांबलीही असती. सहावी थांबली नसती. पण ब्रेक दशांशादशांशाने बिघडत नाही, हे मी खाणीत शिकलेलो होतो. तो काही फेऱ्या इशारा देतो आणि मग एका फेरीत सगळंच सोडून देतो. शिकलेलं असूनही मी बेरीज करत बसलो.

अहवालात मी सगळं लिहिलं. चौतीस पळ्या, बारा पळ्यांची वाटी आणि सकाळी मामांनी काय सांगितलं तेही. मॅनेजरांचं म्हणणं होतं की "तांत्रिक कारण" एवढं पुरे. ते मला पटलं नाही. आता लाल पट्टा तीन मीटरवर आहे. मामांना दांडा गुळगुळीत लागला की आकडा न बघता झाकण उघडायचं, असं मी लिहून काढलं आहे आणि त्याखाली सही केली आहे. तेलाचा मान चौतीस जणांचाच चालू आहे, फक्त आता पाटावरच्या परातीत. मामा पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्याच्या हाताला तसं लागेल की नाही, याची मला रोज काळजी वाटते, कारण ते शिकवता येत नाही.

त्या संध्याकाळी लोक पायऱ्यांनी उतरले. म्हाताऱ्या माणसांना आमच्या पोरांनी खुर्चीत बसवून खांद्यावर नेलं. मुरगूडच्या आजी खुर्चीतूनसुद्धा मला शिव्या देत होत्या आणि नात हसत होती. खाली भिंतीला बसलेला डबा म्हणजे आपण बसलो होतो तोच, हे त्यांना माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. उजेड होता तोवर डोंगर मोकळा झाला. सर्वांत शेवटी मंगल आणि मी निघालो.

निम्म्या पायऱ्या आम्ही उतरलो. एका वळणावरून खालचा फलाट दिसतो. भिंतीला टेकलेला डबा आणि पसरलेली वाळू दिसत होती. ती तिथे थांबली.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मी जाऊन बसल्यावर मला एकटीलाच उतरवायचं आलंतं का न्हाय मनात?"

मी खोटं बोलू शकलो असतो. डोंगरावर दुसरं कोणी नव्हतं.

"आलं होतं," मी म्हणालो.

तिने मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढची पायरी उतरली.

"म्हंजे तेवीस जणं जाऊ दिली असतासा."

आकड्यांत कोणी चुकलं की मी लगेच दुरुस्त करतो, घरात यावरून माझी चेष्टा होते. तिचा आकडा बरोबर होता.